चांदणतळं आणि बाबांचा अंगठा

४ सप्टेंबर

प्रिय आत्या,

गेल्या पत्रात तू मला दटावलंस की नुसती खुशाली कळवू नकोस, खुशाली काय मांजरसुद्धा कळवेल. तर आता ऐक.

बाबांच्या दोन्ही डोळ्यांतला मोतीबिंदू पिकलाय. जन्मभर दुसऱ्यांसाठी भिंगं घासली आणि माझ्याच डोळ्यांत दूध सांडलं, असं ते दुकानात येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात आणि स्वतःच आधी हसतात. ऑपरेशन ऑक्टोबरच्या शेवटी ठरलंय, त्याचे पैसेही बाजूला ठेवलेत. पण काम थांबलेलं नाही. काच चाकावर धरतात, मग तिच्यावरून अंगठा फिरवतात आणि म्हणतात, "इथे अजून केसभर उंच आहे." मला डोळे फाडूनही काही उंच दिसत नाही.

त्या अंगठ्याची गंमत तुला सांगायची राहिलीच. इतकी वर्षं काच घासायच्या पुडीत हात घालून बाबांच्या बोटांवरच्या रेषा पार झिजून गेल्यात. नवा फोन घेतला तेव्हा तो त्यांचा अंगठा ओळखेचना. दुकानदारानं पुसून पाहिला, ओला करून पाहिला. शेवटी बाबा म्हणाले, "हिचा घ्या. हिचा म्हणजे माझाच." तेव्हापासून फोनमध्ये बाबांच्या नावावर माझा अंगठा आहे. विजेचं बिल, काचांची किंमत, सगळं त्याच्यावर चालतं. आलेले मेसेज मीच वाचून दाखवते. तुझी पत्रं मीच वाचते आणि बाबांची पत्रं मीच लिहिते. लोक अंगठाबहाद्दर असतात, मी बिनअंगठाबहाद्दर, असं बाबा म्हणतात.

शाळेतून आले की मी दुकानात मागच्या खिडकीशी बसते. बाबांचं चाक एका सुरात घरघरत असतं. कपाटातल्या काचांमधून ऊन येतं आणि छतावर हलत राहतं. अशा वेळी मी फोनमध्ये एका तळ्यावर जाते. 'चांदणतळं' नावाचा खेळ आहे. तिथे कायम संध्याकाळ असते. पाणी निळं, आणि त्याच्या खाली, खूप खाली, काहीतरी चमकत फिरत असतं. आपण जाळं टाकायचं. कधी शेवाळ येतं, कधी रुपेरी मासा. सगळ्यात तळाशी चंद्रमासा आहे म्हणे. तो अजून मला दिसलेला नाही.

आत शिरताना विचारतात, तुम्ही अठरा वर्षांचे आहात का? मी हो म्हटलं. मग अंगठा मागितला. फोनच्या लेखी मी सेहेचाळीस वर्षांचा भिंगवाला आहे, त्यामुळे दार लगेच उघडलं. हसू नकोस.

तुझी,
भिंगरी

१८ सप्टेंबर

चिरंजीव भिंगरी,

तुला आणि तुझ्या बापाला आशीर्वाद. त्यातला मोठा वाटा तुझा, कारण ऑपरेशनच्या दिवशी त्याला दवाखान्यापर्यंत ओढत न्यायचं काम तुझ्याकडे आहे. लहानपणी तो टोचून घ्यायच्या भीतीनं कोळशाच्या खोलीत लपायचा आणि बाहेर यायचा तेव्हा ओळखू यायचा नाही.

तुझं पत्र होडीवाल्यानं आणलं तेव्हा धुकं इतकं होतं की आधी त्याचा खोकला पोचला, मग होडी आणि शेवटी तो. या खडकावर फोन चालत नाही हे मला आजवर बरंच वाटत आलंय. दीपगृहाची राखण करणाऱ्या बाईला पंधरा दिवसांतून एकदा बातमी मिळाली तरी पोट भरतं. धुक्यात दिवसासुद्धा दिवा लावावा लागतो. मोठं भिंग सावकाश फिरतं, उजेड भिंतीवरून सरकत जातो, आणि मदतनीस पोरगी जिन्यावर बसून डुलक्या घेते. मीही घेते, पण एक डोळा उघडा ठेवून.

तुझं तळं मला फार आवडलं. पत्र वाचून झाल्यावर मी जरा आडवी झाले, तर स्वप्नात एक मासा ओल्या अंगानं आपल्या गोल जिन्यावरून वर येत होता. प्रत्येक पायरीवर थांबून दम खायचा. वर आल्यावर माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, किती पायऱ्या बांधल्यात!" आवाज थेट तुझ्या बापाचा. मी हसत उठले.

बापाचा अंगठा तू झालीस हे वाचून मला कौतुकही वाटलं आणि थोडं वाईटही. तुझी आई असती तर हे काम वाटून घेतलं असतं. पण तू भक्कम आहेस. आणि आता तू तळ्यावर जातेसच, तर माझ्या नावानंही एक जाळं टाक. चंद्रमासा मिळाला की कळव. मला त्याची शेपटी कशी आहे ते हवंय.

तुझी,
आत्या

५ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

शेपटी पंख्यासारखी आहे! मला मिळाला. खरंच मिळाला.

तुझ्या नावानं जाळं टाकलं आणि पाणी आधी पांढरं झालं. मग तो वर आला, इतका सावकाश की मी श्वास घ्यायची विसरले. तळ्याची राणी पाण्यावर चालत आली. ती फार गोड बोलते. म्हणाली, "तुझी वाटच पाहत होते." आणि आत्या, चंद्रमासा मिळाला की खरे पैसे मिळतात. बाबांच्या खात्यात आले. तो मेसेज मी त्यांना वाचून दाखवला नाही. डॉक्टर म्हणत होते ना, डोळ्यांत बसवायचं भिंग साधंही असतं आणि भारीही असतं. बाबा लगेच म्हणाले होते, साधंच बसवा. भिंगवाल्याच्या डोळ्यांत साधं भिंग! मी ठरवलंय, आणखी दोनतीन चंद्रमासे मिळाले की त्यांना एकदमच सांगायचं.

जाळी आता फुकट मिळत नाहीत. पण ते ठीक आहे, चांगल्या जाळ्याला पैसे पडणारच. त्यानंतर तो आला मात्र नाही. पुन्हापुन्हा अगदी काठापर्यंत येतो आणि वळतो. तेव्हा पाण्यावर अक्षरं उमटतात, 'थोडक्यात हुकला!' एकदा तर त्याची शेपटी जाळ्यात होती. मी गेले नाही की राणी निरोप पाठवते, मासे तुझी आठवण काढतात म्हणून. खरं सांगू, मलाही त्यांची येते. वर्गात फळा हलल्यासारखा वाटतो. बाई प्रश्न विचारतात आणि मला पाण्याचा आवाज येतो. जेवताना बाबा काहीतरी सांगत असतात, मी हूं म्हणते, आणि काय सांगितलं ते मला माहीत नसतं.

आत्या, तू समुद्रावर राहतेस, तुला कळत असेल. इतका वेळ तो आला नाही, म्हणजे आता यायलाच हवा ना?

तुझी,
भिंगरी

१७ ऑक्टोबर

ताईस,

धाकट्याचा नमस्कार. नेहमीप्रमाणे बोलतोय मी, अक्षर भिंगरीचं.

ऑपरेशन पुढे गेलंय. दवाखान्यातून भिंगरीला फोन आला होता, डॉक्टर कुठे परगावी जाणार आहेत. नवी तारीख कळवतील. लगेच माझ्या नावानं खडे फोडू नकोस, या वेळी मी कोळशाच्या खोलीत लपलेलो नाही. उलट मनाची तयारी झाली होती आणि तारीखच पळाली. (आत्या, बाबा बोलतात तसंच मी लिहितेय, मनाचं काही घालत नाही. भिं.)

दिसण्याचं म्हणशील तर सगळं जग दुधी काचेआड गेलंय. वाईट म्हणवत नाही. रस्त्यावरच्या दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं. समोरून माणूस येतो तो आधी नुसता रंग असतो, मग त्याला आवाज फुटतो, तेव्हा कळतं की हा शेजारचा घड्याळवाला. परवा मी कपड्यांच्या दुकानातल्या बाहुलीला वाट विचारली. तिनं सांगितली नाही, पण रागावलीही नाही.

हाताला मात्र अजून खोट नाही. काल एका दुर्बिणीची काच पुरी केली. घड्याळवाला म्हणाला, बघत नाहीस तरी घासतोस कसा? मी म्हटलं, आंधळं दळतं, पण आमच्याकडे पीठ खायला कुत्रं नाही, भिंगरी आहे राखायला.

ती हल्ली गप्प असते. अभ्यास वाढलाय म्हणते. तूच तिला दोन ओळी लिही, तुझं ऐकते.

तुझा,
धाकटा

१ नोव्हेंबर

भिंगरी,

हे पत्र दुकानात नको, घरी एकटी असताना वाच. आत दुसरं एक पाकीट आहे. ते आधी उघडू नकोस.

तुझं पत्र आणि धाकट्याचं पत्र होडीवाल्यानं एकदमच आणून दिलं. मी त्याला चहा पाजत तळ्याबद्दल सांगू लागले, मोठ्या हौसेनं, आमची पोरगी चंद्रमासे पकडते म्हणून. त्यानं कप खाली ठेवला. म्हणाला, "बाई, ते तळं मला ठाऊक आहे. माझ्या भावाचा संसार त्याच्यात गेला." मग त्यानं मला सगळं समजावलं. जाळं विकत घ्यायचं, पैसे जिंकायचे, गेलेले परत मिळवायला आणखी जाळी घ्यायची. याला जुगार म्हणतात, भिंगरी. वर निळं पाणी ओतलं तरी तो जुगारच.

मी मदतनीस पोरीला दिव्यापाशी बसवलं आणि होडीतून बंदरावर गेले. दवाखान्यात फोन केला. डॉक्टर कुठेही गेलेले नाहीत. आपल्याच घरून फोन करून तारीख रद्द झाली, लहान मुलीचा आवाज होता, म्हणाले. बंदराच्या भिंतीला टेकून मी किती वेळ उभी होते कोण जाणे. ऑपरेशनचे पैसे तळ्यात गेले ना? मला कागदावर उत्तर नको. मला माहीत आहे.

होडीवाल्यानं मला एक नंबर दिला. जुगाराच्या नादी लागलेल्यांना आणि त्यांच्या घरच्यांना तिथे मदत करतात, पैसे घेत नाहीत, नाव विचारत नाहीत. मी तुझ्याविषयी बोलले. पलीकडची बाई अगदी शांतपणे ऐकत होती. मी विचारलं, पोरगी वाया गेली का हो? ती म्हणाली, "नाही. असे खेळ मोठ्यांनाही सुटत नाहीत, ती तर तेरा वर्षांची आहे. त्या 'थोडक्यात हुकला'ला भुलू नका, मासा जवळ आल्याचं दाखवतात म्हणून तो जवळ आलेला नसतो." आणि म्हणाली, गेलेलं परत मिळवायला जाणं हाच खरा भोवरा आहे. तू त्याच भोवऱ्यात आहेस, हो की नाही?

तू मला विचारलंस, इतका वेळ आला नाही म्हणजे आता यायलाच हवा ना? बाळा, समुद्राला कोणाचं रिकामं जाळं लक्षात राहत नाही. माझा दिवा फिरतो तो ठरल्या वेळी ठरल्या जागी येतो, म्हणून खलाशी त्याच्यावर विसंबतात. तुझी राणी कशावरही विसंबू देत नाही आणि तरी बोलावत राहते. माझ्या नावानं जाळं टाक असं मीच तुला लिहिलं होतं. ते आठवलं की माझा मलाच राग येतो.

आता पाकिटाचं. धाकट्याला हे कळायलाच हवं. पण त्याला मी काहीही लिहिलं तरी ते वाचणार तूच. शेजारच्या घड्याळवाल्याच्या पत्त्यावर पाठवता आलं असतं, त्यानं वाचून दाखवलं असतं. खूप विचार केला आणि तसं केलं नाही. पाकीट तुझ्या हातात आहे. ते तू तुझ्या बापाला वाचून दाखव. त्याच्या खाली तो मदतीचा नंबर लिहिलाय.

पुढच्या होडीला काही आलं नाही तर मी स्वतः येईन. पण तोवर तुझी वाट बघेन. तू माझीच आहेस, तळ्यात गेलीस तरी.

आत्या

(आतलं पाकीट)

धाकट्या,

हातातली काच खाली ठेव, चाक बंद कर आणि हात पूस. भिंगरीला तुला काहीतरी सांगायचंय. तिचं सांगून पुरं होईपर्यंत तू एक शब्दही बोलू नकोस.

ताई

२० नोव्हेंबर

प्रिय आत्या,

पहिल्या दिवशी मी ते पाकीट उघडलं, वाचलं आणि जुन्या काचांच्या डब्यात तळाशी ठेवलं. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मी पुन्हा तळ्यावर गेले. वाटलं, सगळं एकदाच परत मिळालं तर कोणालाच काही सांगावं लागणार नाही. राणी म्हणाली, "तुझी वाटच पाहत होते." तिचं ते एकच वाक्य आहे, हे मला तेव्हा पहिल्यांदा ऐकू आलं. तरीही मी थांबले नाही. उरलेल्यातलंही गेलं.

मग काही दिवस मी नुसतीच तरंगत होते. घर, शाळा, दुकान सगळं पाण्याखाली असल्यासारखं होतं आणि माणसं तोंडं हलवत होती.

एका दुपारी बाबा काच घासत होते आणि त्यांचा अंगठा चाकाला लागला. ते ओरडले नाहीत. चाक तसंच फिरत ठेवून माझ्याकडे हात पुढे केला आणि म्हणाले, "बघ गं, किती लागलंय?" मी पाहिलं. जरासंच खरचटलं होतं. मी म्हटलं, "थोडंच आहे." बाबांनी मान डोलावली आणि पुन्हा काच उचलली. एवढंच. मी खरं सांगितलं होतं आत्या, पण खोटं सांगितलं असतं तरी त्यांनी तशीच मान डोलावली असती. मी डब्यातून पाकीट काढलं आणि म्हटलं, आत्याचं पत्र आलंय.

पत्र संपलं तरी चाक लगेच थांबलं नाही. बटण बंद केल्यावर ते बराच वेळ आपलंआपण फिरत राहतं. ते थांबेपर्यंत मी थांबले. मग सगळं सांगितलं. चंद्रमासा, भारी भिंग, जाळी, दवाखान्याला केलेला फोन, न वाचलेले मेसेज. बाबांनी हात पुसले होते ते फडकं तसंच हातात धरलं होतं. सांगून झाल्यावर ते उठले, कपाटाला धरत बाहेर गेले आणि पायरीवर बसले. मला वाटलं, आता हे माझ्याशी बोलणारच नाहीत. घड्याळवाल्यानं त्यांना काहीतरी विचारलं, त्यांनी हातानंच नको म्हटलं.

उन्हं उतरल्यावर ते आत आले. त्यांना माझा चेहरा दिसत नाही, म्हणून खुर्ची अगदी जवळ ओढली. म्हणाले, "पुन्हा खेळणार नाहीस असं वचन मी मागत नाही. खेळावंसं वाटतं का, ते सांग."

मी म्हटलं, "आत्तासुद्धा वाटतंय."

"मग हे आपल्या दोघांच्या आवाक्यातलं नाही," बाबा म्हणाले. "तो नंबर वाच."

त्या नंबरवरच्यांनी सुचवलेल्या एका बाईंकडे आता आम्ही दर आठवड्याला जातो. त्यांच्या खोलीत एक सोफा आणि एक रोपटं आहे, बाकी काही नाही. त्या माझ्याशी वेगळं बोलतात, बाबांशी वेगळं आणि मग दोघांशी. मी म्हटलं, मी चोर आहे. त्या म्हणाल्या, "जे केलंस त्याला चोरी म्हणायचं की काय ते तू आणि बाबा ठरवा. पण ते तळं बांधणाऱ्यांनी दाराशी एक खोटा प्रश्न ठेवला आणि लहान मुलीला आत घेतलं, त्याचं काय?" बँकेत जाऊन माझा अंगठा काढून टाकला. आता पैसे जायचे तर बाबा मनातला एक आकडा दाबतात, मला पाठ फिरवून बसायला लावतात. असे खेळ फोनमध्ये उघडूच नयेत अशी सोय केलीय, आणि खेळवाल्यांकडे तक्रारही. पैसे परत येतील की नाही कोणाला माहीत नाही. बाईंनी सांगितलंय, त्या आशेवर बसायचं नाही, तेही एक जाळंच आहे.

अंगठा काढला त्या दिवशी मी खूप रडले. सुटल्यासारखंही वाटलं आणि बाबांचं माझ्याशिवाय चालेल असंही वाटलं. पाण्याचा आवाज अजून येतो. पण आधी तो कायम असायचा, आता येतो आणि जातो.

तू येऊ नकोस असं मी म्हणणार नाही. ये. पण घाबरून येऊ नकोस.

भिंगरी

४ डिसेंबर

ताई,

धाकट्याचा नमस्कार. बोलतोय मी, अक्षर भिंगरीचंच. ती म्हणत होती, घड्याळवाल्याकडून लिहून घ्या. मी म्हटलं, त्याचं अक्षर कोंबडीचे पाय आहेत. तू बस, आणि बोलेन तसं लिही.

मला राग आला होता. अजूनही मधूनच येतो. पायरीवर बसलो होतो तेव्हा समोरचा रस्ता नेहमीसारखा धूसर होता, आणि मनात आलं, हे आता असंच राहणार. हिच्यावर हात उचलावासा वाटला, खोटं कशाला बोलू. पण उठलो असतो तर हात कुठे उचलायचा तेही दिसलं नसतं. (आत्या, इथे बाबा हसले. मला हसू नाही आलं. भिं.)

मग वाटलं, मी तेरा वर्षांच्या पोरीला माझे डोळे केलं, माझा अंगठा केलं, घरातला मोठा माणूस केलं, आणि वर चारचौघांत मिरवलं. फोनला ती सेहेचाळीस वर्षांची वाटली यात फोनचा काय दोष? आधी मीच तसं समजलो होतो. सोफ्यावरच्या बाई म्हणतात, हे तिच्यासमोर एकदा स्पष्ट बोला. म्हणून मुद्दाम तिच्याकडूनच लिहून घेतोय. यात तिची चूक आहे, आणि माझीही आहे. माझी आधीची आहे.

मी तिला विचारलं, ते तळं होतं तरी कसं? आधी सांगेना. मग एका दुपारी सगळं सांगितलं, निळं पाणी, कायमची संध्याकाळ, खालची चमक. ताई, मला मोहच झाला. माझ्यासारख्या धूसर दिसणाऱ्यालाही तिथे जाऊन बसावंसं वाटलं, मग ती तर पोर. एवढं सुंदर बांधायचं आणि त्यात मुलांना बुडवायचं, ही कसली कारागिरी!

आता ऑपरेशनचं. उरलेल्यात एका डोळ्याचं होतंय. मी म्हटलं, करून टाका, एका डोळ्यानं निम्मी उधारी तरी दिसेल. दुसरा पुढे बघू. भिंग साधंच. हिला सांगितलंय, साधं भिंग हे वाईट भिंग नसतं, जन्मभर मी तेच घासलंय. नवी तारीख ठरली आहे. दवाखान्याचे कागद हिनं मला पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवले, त्यात डोळा जाऊही शकतो असं एक वाक्य होतं, तेसुद्धा गाळलं नाही. सही करताना मला टोचण्याची भीती वाटली नाही. माझी शहाणी पोर जवळ होती.

लिहिणं थांबलंय. पेनाचा आवाज थांबला की मला कळतं. लिही गं.

ताई, मी बोललो ते हिनं तसंच लिहिलंय का, हे मला दिसत नाही. तूही मला कळवू नकोस. विचारायचं कारण नाही. पण हे पत्र जपून ठेव. पट्टी सुटली की आम्ही दोघं तुझ्या खडकावर येऊ, आणि हे मी माझ्या डोळ्यानं वाचणार. तपासायला नव्हे. एवढं मनातलं मी कधी कोणाशी बोललो नाही, ते हिच्या अक्षरात कसं दिसतं, ते बघायचंय.

तुझा,
धाकटा

(आत्या, सगळं बाबा बोलले तसंच आहे. फक्त 'शहाणी' हा शब्द मी आधी लिहिला नव्हता, जागा तशीच सोडून पुढे गेले होते. मग परत येऊन लिहिला. भिं.)